मुंबईला हिरवी वीज मिळेल, पण संध्याकाळी सातनंतर काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चेंबूरला राहता, खिडकीतून ट्रॉम्बेच्या वीजकेंद्राची धुराडी दिसतात, वर्षातले आठ महिने ऊन भाजून काढतं, मग शहर अजून कोळशावर का चालतं? सोसायटीच्या गच्चीवर सोलर बसवलं तर बिल कमी होईल का, आणि पावसाळ्यात वीज जाते तेही थांबेल का? आणि २०२० मध्ये सगळी मुंबई बंद पडली तसं पुन्हा होईल का?

हे तीन प्रश्न एकाच वाक्यात आलेत, पण तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. माझी बरीचशी नोकरी केबल आणि सबस्टेशनवर गेली, शेवटची काही वर्षं लोड डिस्पॅचला, म्हणजे शहराला लागणारी वीज कुठून किती घ्यायची हे क्षणोक्षणी ठरवणाऱ्या नियंत्रण कक्षात. त्यामुळे मी हे सगळं विजेच्या मागणीचा आलेख समोर ठेवून बघतो. वीज कशापासून बनते याच्याइतकंच ती कोणत्या वाटेने शहरात शिरते आणि किती वाजता लागते, याला महत्त्व आहे. मुंबईचं घोडं नेमकं तिथे अडलंय.

आधी मागणीचं बघू. मे महिन्यातल्या घामट दुपारी मुंबईची मागणी चार हजार मेगावॅटच्या वर जाते. जानेवारीच्या पहाटे ती याच्या निम्म्याहूनही कमी असते. आपल्याकडे शेतीपंप नाहीत, मोठे कारखानेही फारसे उरले नाहीत. आपलं लोड म्हणजे ऑफिसं, दुकानं, लोकल, मेट्रो, पंप, लिफ्ट आणि सगळ्यात वर एसी. सकाळी नऊपासून आलेख चढतो, दुपारी तीन-चारला टोक गाठतो, ऑफिसं सुटताना थोडा कलतो आणि मग घराघरांतले एसी सुरू झाले की मध्यरात्र उलटून गेली तरी म्हणावा तसा खाली येत नाही. जूनची पहिली जोरदार सर आली की डिस्पॅचमध्ये बसल्याजागी कळतं. खिडकीकडे बघावं लागत नाही, आलेख काही शे मेगावॅटने कोसळतो.

या आलेखात सोलरसाठी एक आनंदाची गोष्ट आहे. दुपारचं टोक आणि ऊन एकाच वेळी येतात. देशातल्या कित्येक शहरांना हे भाग्य नाही. म्हणजे दुपारची वीज हिरवी करणं मुंबईला तुलनेने सोपं आहे, आणि ते होऊ लागलंही आहे. उपनगरांत वीज देणाऱ्या अदानी इलेक्ट्रिसिटीने जैसलमेरच्या ७०० मेगावॅटच्या सौर-पवन प्रकल्पातून वीज घ्यायला सुरुवात केली. १२ नोव्हेंबर २०२३ ला, दिवाळीच्या दिवशी, सकाळी १० ते दुपारी २ या चार तासांत आपल्या ग्राहकांची मागणी हरित विजेतून भागवल्याचं कंपनीने जाहीर केलं होतं. बातमी खरीच आहे, पण दिवस आणि वेळ बघा. रविवार, त्यात लक्ष्मीपूजन, ऑफिसं बंद, नोव्हेंबरची हवा, आकाश स्वच्छ आणि भर दुपार. त्याच दिवशी रात्री आठ वाजता आकाशकंदील पेटले, तेव्हाचं गणित अगदी निराळं होतं.

जैसलमेरची वीज तारेतून थेट तुमच्या पंख्यात येत नाही, हेही सांगतो, कारण यावरून वाद फार होतात. ३१ डिसेंबर २०१३ पासून देशाचं ग्रिड, म्हणजे वीजवाहिन्यांचं जोडलेलं जाळं, एकच आहे. तिकडे कोणी जितकी वीज ग्रिडमध्ये टाकली, तितकी इकडे कोणी उचलली, असा हिशोब असतो. दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग करतात आणि प्रत्येक भागाचं वेळापत्रक आधी द्यावं लागतं. वेळापत्रक चुकलं की दंड. ढग आले आणि सोलर घसरलं, तर त्या पंधरा मिनिटांत दुसरीकडून वीज उभी करावी लागते. काही जण याला कागदावरचा खेळ म्हणतात. मला ते पटत नाही, कारण तेवढी वीज प्रत्यक्ष बनलेली असते आणि तेवढा कोळसा कुठेतरी जळायचा राहिलेला असतो.

आता वाटेकडे येऊ. मुंबई समुद्रात घुसलेली चिंचोळी जागा आहे. बाहेरची वीज यायची तर ठाण्याकडून, खाडी ओलांडून किंवा उत्तरेला बोईसर-बोरिवलीच्या बाजूने. उच्चदाब वाहिन्यांसाठी जमिनीचा पट्टा लागतो आणि इथे पट्टा म्हणजे कांदळवन, मिठागर, जंगल किंवा कोणाचं तरी घर. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्ही (चार लाख व्होल्ट) वाहिनी कागदावर दशकभराहून जास्त काळ होती. चालू झाली २०२३ मध्ये. तोवर शहराच्या आत ४०० केव्हीचं एकही उपकेंद्र नव्हतं. या एका वाहिनीने सुमारे हजार मेगावॅट जास्त आत आणायची सोय झाली. पालघर जिल्ह्यातल्या कुडूसपासून आरेपर्यंतची १,००० मेगावॅटची डीसी (एकदिश प्रवाहाची) वाहिनी त्याच माळेतलं पुढचं काम. सुमारे ८० किलोमीटरची आहे आणि त्यातला बराच भाग जमिनीखालून. भुयारी म्हटलं की खर्च वाढला, आणि हा खर्च शेवटी बिलातच येतो. हरित वीज स्वस्त झाली असं वाचतो आणि बिल मात्र वाढलेलं दिसतं, त्यामागे हेही एक कारण आहे. जैसलमेरला युनिट स्वस्त बनतं, पण ते चेंबूरला आणून द्यायचे पैसे वेगळे पडतात.

१२ ऑक्टोबर २०२० ला नेमकी हीच वाट तुटली. सोमवार होता, सकाळचे दहा वाजत आलेले. ठाण्याजवळच्या कळव्याकडून येणाऱ्या वाहिन्यांवर आधीच ताण होता, एकामागून एक त्या ट्रिप झाल्या, म्हणजे आपोआप बंद पडल्या. अशा वेळी मुंबईची यंत्रणा उरलेल्या ग्रिडपासून आपोआप सुटी होऊन स्वतःच्या विजेवर तगून राहावी, अशी योजना इथे १९८०च्या दशकापासून आहे. आम्ही तिला आयलँडिंग म्हणतो. ती पूर्वी अनेकदा कामी आली होती, म्हणून तर मुंबईकराला सगळ्या शहराची वीज जाणं म्हणजे काय ते ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी ती टिकली नाही, कारण शहराच्या यंत्रणेत त्या क्षणी चालू असलेली निर्मिती मागणीच्या मानाने तोकडी होती. लोकल जागच्या जागी थांबल्या, हॉस्पिटलं जनरेटरवर गेली. अत्यावश्यक सेवा काही तासांत उभ्या राहिल्या, शहर पूर्ववत व्हायला संध्याकाळ उलटली.

निर्मिती तोकडी का होती, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे. मुंबईच्या यंत्रणेला जोडलेली स्वतःची केंद्रं अशी: ट्रॉम्बेला ५०० आणि २५० मेगावॅटचे कोळशाचे संच आणि १८० मेगावॅटचा गॅसचा, डहाणूला २५०चे दोन, आणि खोपोली, भिवपुरी, भिरा मिळून ४४७ मेगावॅट जलविद्युत. म्हणजे सगळं एकदम चालवलं तरी १,९०० च्या आतच. त्यात बाहेरची वीज स्वस्त असते तेव्हा इथले महाग संच कमी चालवणं हेच नियमाने योग्य. ग्राहकाला स्वस्त वीज द्यायची तर आतलं केंद्र मंद ठेवायचं, आणि अडीअडचणीला शहर तगवायचं तर तेच केंद्र जोरात ठेवायचं. ही ओढाताण रोजची आहे.

म्हणून ट्रॉम्बे उद्या बंद करा म्हणणाऱ्यांशी माझा वाद होतो. माहुल-चेंबूरच्या लोकांनी या शहराच्या दिव्यांसाठी आपल्या छातीत काय भरून घेतलंय, ते मला ठाऊक आहे आणि ते थांबलंच पाहिजे. पण क्रम महत्त्वाचा आहे. आधी आत येणाऱ्या वाहिन्या, मग आतला साठा, आणि त्यानंतर कोळशाचा संच बंद. हा क्रम उलटा केला तर जैसलमेरला ऊन कितीही पडो, कळव्याला एक बिघाड झाला की दादरला अंधार.

साठा म्हणजे काय, इथे मला जुन्या धरणांविषयी थोडं लांबण लावू द्या, कारण माझ्या मते मुंबईच्या यंत्रणेतली सगळ्यात मोलाची चीज तीच आहेत. खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं, भिवपुरी १९२२, भिरा १९२७. गिरण्यांची चाकं त्या पाण्यावर फिरली. ट्रॉम्बेचा पहिला संच आला १९५६ मध्ये. म्हणजे हे शहर तीस-चाळीस वर्षं मुख्यतः सह्याद्रीच्या पाण्यावर चाललं, तेव्हा त्याला कोणी हरित म्हणत नव्हतं इतकंच. अर्थात त्याची किंमत मावळातल्या गावांनी मोजली. सेनापती बापटांचा मुळशी सत्याग्रह यांपैकीच एका धरणाविरुद्ध झाला. आजही भीमेच्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली उतरवून वीज का करायची, ते पुणे-सोलापूरला का द्यायचं नाही, हा प्रश्न दर उन्हाळ्यात उठतो आणि तो खोटा नाही.

पण डिस्पॅचच्या खुर्चीवरून बघा. कोळशाचा थंड पडलेला संच उभा करायला तासन् तास लागतात. जलविद्युतचा संच काही मिनिटांत पूर्ण भारावर येतो, आणि सगळं ग्रिड मेलेलं असताना बाहेरची वीज न घेता स्वतः सुरू होऊ शकतो. २०२० च्या त्या दिवशी शहर परत उभं करताना सुरुवात याच संचांपासून झाली. ट्रॉम्बेच्या अवजड यंत्रांना सुरू व्हायला जी वीज लागते, ती यांनीच पुरवायची असते.

भिऱ्याला १५० मेगावॅटचा एक संच उदंचनाचा आहे. वीज मुबलक असते तेव्हा खालचं पाणी पंपाने वर चढवायचं आणि गरजेला तेच खाली सोडून वीज करायची. यात साधारण पाव वीज वाया जाते. पण दुपारची स्वस्त सौर वीज संध्याकाळी सातला मिळणार असेल तर हा सौदा मला कधीही मान्य आहे. टाटा पॉवरने २०२३ मध्ये राज्य सरकारबरोबर भिवपुरीला १,००० आणि शिरवट्याला १,८०० मेगावॅटच्या उदंचन प्रकल्पांचा करार केला. हे दोन्ही उभे राहिले तर मुंबईच्या संध्याकाळचा प्रश्न बराच सुटेल. उदंचनात तेच पाणी वर-खाली फिरतं, त्यामुळे भीमेच्या पाण्याचा वादही निदान या प्रकल्पांपुरता सौम्य व्हावा. असे प्रकल्प उभे राहायला वर्षं लागतात, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यासाठी यांच्यावर विसंबू नका.

मधल्या काळासाठी बॅटऱ्या आहेत. मुंबईत दहा ठिकाणी मिळून १०० मेगावॅटच्या बॅटऱ्या बसवायला वीज नियामक आयोगाने टाटा पॉवरला मंजुरी दिली आहे. शहराच्या संध्याकाळच्या मागणीपुढे हा आकडा छोटा आहे, पण बॅटरी लोडच्या अगदी शेजारी बसते. वाहिनी तुटली तर मेट्रो, हॉस्पिटल, डेटा सेंटर यांना आधार देते आणि सेकंदाच्या आत उत्तर देते. मुंबईत जागेचा भाव काय आहे ते तुम्हाला सांगायला नको. रिसीव्हिंग स्टेशनच्या, म्हणजे बाहेरून आलेली वीज उतरवून घेणाऱ्या उपकेंद्राच्या, आवारातली मोकळी जागा ही आता सोन्यासारखी जपायला हवी.

वाऱ्याबद्दल थोडक्यात. सातारा, सांगली, धुळ्याच्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर जोरात फिरतात, म्हणजे नेमकं सोलर मान टाकतं तेव्हा. वारा रात्रीही असतो. त्यामुळे मुंबईसाठी नुसतं सोलर घेण्यापेक्षा सौर-पवन मिश्र करार बरे. समुद्रातल्या पवनचक्क्यांचं विचाराल तर देशात त्यासाठी पहिली निवड गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याची झाली आहे. आपल्या किनाऱ्यावर नजीकच्या काळात काही होईल असं मला वाटत नाही. कचऱ्यापासून वीज? देवनारला रोजच्या ६०० टन कचऱ्यापासून ४ मेगावॅटची योजना आखली गेली. कचऱ्याची विल्हेवाट म्हणून ती जरूर करावी, वीज म्हणून तिच्याकडे बघू नये.

आता तुमची गच्ची. इथे सगळं तुमच्या इमारतीवर अवलंबून आहे, पण ढोबळ हिशोब देतो. एक किलोवॉट सोलरला साधारण १०० चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते आणि मुंबईत त्यातून वर्षाला १,३०० ते १,४०० युनिट मिळतात. एप्रिलमध्ये भरपूर, जुलैत त्याच्या निम्मे मिळाले तरी खूश राहायचं. समजा तुमची गच्ची ४,००० चौरस फूट आहे. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, मोबाइल टॉवर, शेजारच्या टॉवरची सावली, कोणीतरी घातलेली पत्र्याची शेड हे वजा करता निम्मी हाती लागते. म्हणजे २० किलोवॉट, वर्षाला २६ ते २८ हजार युनिट. सात मजली इमारतीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातल्या दिव्यांचं बिल यात जवळपास निघून जातं. नेट मीटरिंगमुळे दिवसा जास्त झालेली वीज ग्रिडला जाते आणि बिलात वळती होते. पीएम सूर्य घर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदान आहे. २० किलोवॉटला ३ लाख ६० हजार झाले. अशा इमारतीत मी डोळे मिटून सोलर लावा म्हणेन.

पण हीच गच्ची बावीस मजली टॉवरवर असेल तर? मजल्याला चार घरं धरली तर ८८ घरं, प्रत्येकी एकच एसी दीड किलोवॉटचा म्हटला तरी रात्री १३२ किलोवॉट, आणि वर सोलर तेच २० किलोवॉट, तेही रात्री शून्य. मुंबई उभी वाढते आणि गच्ची तेवढीच राहते. आयआयटी मुंबई आणि इतर संस्थांनी काही वर्षांपूर्वी केलेल्या अभ्यासात बृहन्मुंबईच्या गच्च्यांची क्षमता सुमारे १.७ गिगावॅट निघाली होती. ती सगळी वापरली असं धरलं तरी माझ्या ढोबळ हिशोबाने शहराच्या वर्षभराच्या विजेचा दहावा हिस्सा भरेल. तो घ्यावाच, कारण ही वीज कळव्याच्या वाटेने यावी लागत नाही. उरलेले नऊ हिस्से बाहेरूनच यायचे आहेत.

आणि पावसाळ्यात वीज जाते त्याचं. तुमच्याकडे जूनमध्ये दोन-चार तास वीज जाते, ती कोळसा संपला म्हणून जात नाही. बहुतेक वेळा रस्त्याखालच्या ११ किंवा ३३ केव्ही केबलचा जॉइंट गेलेला असतो. एप्रिल-मेमध्ये कोणीतरी गटारासाठी, फायबरसाठी खणतं, केबलला कुदळीचा ओझरता मार लागतो, तेव्हा काहीच होत नाही. पहिल्या पावसाचं पाणी त्या जखमेत मुरलं की फीडर, म्हणजे तुमच्या भागाला वीज देणारी वाहिनी, ट्रिप. मग आमची माणसं व्हॅन घेऊन येतात, केबलमध्ये उच्चदाबाचे ठोके सोडतात आणि एक जण फुटपाथवर मायक्रोफोन टेकवून चालत राहतो. जिथे धप्प असा आवाज सगळ्यात मोठा येतो, तिथे खणायचं. रात्री दोन वाजता, पाणी तुंबलेल्या रस्त्यावर, वर ट्रॅफिकचे हॉर्न वाजत असताना तो आवाज ओळखणं ही कला आहे. ती येणारी माणसं आता कमी होत चालली आहेत, आणि याची चर्चा कुठल्याच हरित ऊर्जा परिषदेत होत नाही.

तुमचं सोलर इथे उपयोगी पडेल का? साधं असेल तर नाही. सोलरची वीज घरात वापरण्याजोगी करणारा, ग्रिडला जोडलेला साधा इन्व्हर्टर ग्रिड गेलं की दोन सेकंदांच्या आत स्वतः बंद होतो. तो मुद्दाम तसा बनवलेला असतो, नाहीतर रस्त्यावर केबल जोडणाऱ्या माणसाला तुमच्या गच्चीवरून शॉक बसेल. भर दुपारी, लख्ख उन्हात, गच्चीवर २० किलोवॉट असताना लिफ्ट बंद, हे दृश्य बघून सेक्रेटरीवर चिडलेली मंडळी मी पाहिली आहेत. वीज गेल्यावरही काही चालायला हवं असेल तर हायब्रिड (ग्रिड नसतानाही बॅटरीवर चालणारा) इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि खर्च बराच वाढतो.

गच्ची नसेल किंवा पुरत नसेल, तर पुरवठादाराकडून पूर्ण हरित वीज मागता येते. आयोगाने २०२१ मध्ये त्यासाठी युनिटमागे ६६ पैसे जादा दर ठरवला होता. असे दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा चालू दर बिलावर किंवा कंपनीकडे बघा. आणि एक गोष्ट फुकटात करता येते. वरच्या टाकीत पाणी चढवायचा पंप रात्री किंवा संध्याकाळी चालत असेल तर तो दुपारी चालवा. सोलर असो वा नसो, मागणीचं टोक दुपारी असलं तरी तेव्हा ऊन असतं; ऊन गेल्यावरचा खरा ताण असतो तो संध्याकाळी, आणि टाकी भरलेली असली की झालं.

सोसायटीच्या आमसभेत विषय नेण्याआधी कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं काढून ठेवा. सावली डिसेंबरात मोजून घ्या, कारण तेव्हा सूर्य दक्षिणेला खाली असतो आणि मे महिन्यात दिसली नव्हती ती सावली तेव्हा पडते. गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन-तीन वर्षांत करायचं असेल तर ते आधी उरकून घ्या, नाहीतर सगळं उचलून परत बसवायचा खर्च येईल. आणि हायब्रिडचं कोटेशन मागाल तेव्हा पंप सुरू होताना जो करंट उसळतो तो इन्व्हर्टरला झेपेल का, हे लेखी घ्या. "हो हो, लिफ्टपण चालेल" असं तोंडी सांगणारे बरेच भेटतात.